गरम टायरची हवा

इथे आखातात, मुऐदरला पंक्चरवाला आज एका ट्रकच्या टायरमधली हवा सोडत होता. तो कोंडलेला, गरम रबराचा वास आला आणि सांगलीचे सदाअण्णा आठवले.

अण्णा खडीचा ट्रेलर चालवायचे, मागे माझा असायचा. त्या दुपारी दुखानच्या रस्त्यावर चहाला थांबलो, तेव्हा मी नवीनच घेतलेला हवा मोजायचा गेज त्यांच्या पुढच्या टायरला लावला. काटा बराच वर गेला.

"अण्णा, हवा जास्त आहे. सोडू का थोडी?"

"सकाळी थंड टायरला मापात भरलीय रे," ते म्हणाले. मग माझ्या हातातल्या गेजकडे बघून हसले. "बरं, सोड. यल्ला, चल लवकर."

तापलेल्या टायरचा काटा वर जातोच, ती हवा सोडायची नसते, सोडली तर टायर ओझ्यानं दबून आणखी तापतो, हे मला नंतर कळलं. अण्णांना ते माहीत होतं. त्यांनी फक्त माझं मन राखलं. खडीही त्या दिवशी जास्तच भरली होती. अर्ध्या तासात तोच टायर माझ्या डोळ्यांसमोर फुटला आणि ट्रेलर उलटला. अण्णा जागीच गेले.

वहिनींना फोन मीच केला. उन्हानं टायर फुटला, एवढंच सांगितलं.

त्या म्हणाल्या, "शेवटी तुम्ही सोबत होता भाऊ, तेवढंच समाधान."