तिसऱ्या खेळीचा राजा

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपात मापं तपासायचं काम कस्तुराताईकडं. तिच्या टेबलावर पेन जरी वाकडं पडलं, तरी बाईला डबा गोड लागत नाही. आम्ही मुद्दाम वाकडं करतो. ती हसते आणि हसत हसत सरळ करते. याच सवयीनं तिचा घात केला.

चिंचवडला कामगारांची बुद्धिबळ स्पर्धा होती, शेवटची फेरी. नुसती बरोबरी साधली असती तरी ताई राज्य स्पर्धेच्या संघात जाणार होती. अकरा वर्षं झटली त्यासाठी, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा पट मांडून बसायची! समोर होता देहूरोडचा दिग्विजय. खेळाडू चांगला, पण तोरा केवढा!

ताईचं ओपनिंग ठरलेलं, इटालियन. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, आणि लगेच कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात सुरक्षित. प्यादं झालं, घोडा झाला. दिग्विजयनंही घोडा काढला, घड्याळ दाबलं आणि पाणी प्यायला उठला. आता उंटाची पाळी. आणि बाईचा हात गेला कुठं? राजा जरा तिरका उभा होता, तो सरळ करायला! आधी 'ॲडजस्ट' म्हणायचं असतं, ते राहिलंच. न म्हणता हात लावला की तीच सोंगटी हलवावी लागते.

पण बघितलं कुणी? पंच पार दुसऱ्या टोकाला. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं उभा मी एकटा. मनात म्हटलं, ताई, काढ गुपचूप उंट, कुणाच्या बापाला कळतंय! ती दोन मिनिटं राजाकडं बघत बसली. मग तो उचलून पुढच्या घरात ठेवला, तेवढं एकच घर मोकळं होतं. झालं! कॅसलिंग गेलं, उंटाची वाट अडली. दिग्विजय परत आला आणि पट बघून फिस्सकन हसला.

चार तास झुंजली राव, तसला उघडा राजा घेऊन! तासाभरात दिग्विजयला घाम फुटला. पण शेवटी हरली.

बसस्टॉपवर मी तिच्यावर उखडलोच. "अगं ताई, कोण बघत होतं गं तुला? गेला ना संघ हातचा!"

डोळे पुसून म्हणाली, "राजामुळं नाही हरले, नाना. एकतिसाव्या खेळीला हत्ती चुकीचा टाकला. तोवर डाव माझा होता."

तिच्या जागी मी असतो तर उंट काढला असता आणि संघात जाऊन गावभर मिरवलो असतो.