टॉवेलाच्या गाठी

शेलार गावाजवळच्या तबेल्यातला तो मोतद्दार माझ्याशी बोलतानाही घोडीकडेच बघतो. सोनोग्राफीत बीज सुटलेलं दिसलं, की तिथून पुढे खांद्यावरच्या टॉवेलाला रोज एक गाठ मारतो. मी घोड्यांचा डॉक्टर. या घोडीचा गर्भ काढून दुसरीच्या पोटात वाढवायचा होता, पण दोन खेपा तो मिळाला नव्हता. तिसऱ्यांदा मी हार्मोनच्या इंजेक्शनपासून सात दिवस मोजून गर्भपिशवी धुवायची नळी घेऊन हजर झालो, तर हा दारात आडवा.

"तुमी सुईपासनं मोजताय, डॉक्टर. बीज दोन दिसांनी सुटलं. गाठी पाचच. गर्भ पिशवीत उतरला न्हाय अजून."

मी चडफडत परतलो.

सातव्या गाठीला पिशवी धुतली, आलेलं पाणी तपासलं. भिंगाखाली गोल, नितळ गर्भ! मी ओरडलोच. तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. "आता नाचा, डॉक्टर!"

आणि मी नाचलो.