सानप सरांची गायींची चूक

सानप सर प्राचार्य नव्हते. श्रद्धांजलीचे बॅनर बनवणाऱ्यांनी आधी तेवढं दुरुस्त करा.

ते तासिका तत्त्वावर होते. शेवटपर्यंत. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की बंद.

आज पहाटे सर गेले. मी बीडला निघालेय, मांजरसुंब्याला चहाला थांबलेय, इथूनच लिहितेय.

सरांनी आम्हाला बीबीएला प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट शिकवलं. कॉस्टिंगवाल्या सरांना सगळे घाबरायचे, सानप सरांना कुणी घाबरलं नाही. लास्ट बेंचवरची पोरं त्यांच्या तासाला डबे खायची. सर म्हणायचे, भाजी कोणती ते तरी सांगा.

बीबीएच्या शेवटच्या वर्षाला एक नियम असतो. एखाद्या संस्थेत इंटर्नशिप करायची, तिच्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायचा आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर व्हायवा द्यायची. हे नाही तर डिग्री नाही, बाकीच्या पेपरांत कितीही मार्क पडू देत.

वर्गातले बरेचजण पुण्याला गेले. कुणाचा मामा कंपनीत होता, कुणाचा चुलता बँकेत.

त्या वर्षी आमच्या आष्टीकडे दुष्काळ होता. दूध संस्थेने चारा छावणी काढली होती आणि आमची जनावरं तिथंच होती. दादांचा, म्हणजे वडिलांचा, गुडघा गेलेला, भाऊ कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर. छावणीत राहायला आई आणि मी.

मी सरांना फोन करून सांगितलं, यंदा ड्रॉप घेते.

ड्रॉप म्हणजे लग्न. आमच्याकडे या शब्दाला दुसरा अर्थ नाही. स्थळ बघून ठेवलेलं होतं, शिक्षण सुटायची वाट होती. सरांना मी हे सांगितलं नव्हतं, पण ते बीड जिल्ह्यातलेच होते, त्यांना काय सांगायचं.

दोन दिवसांनी सर एसटीने आले. फाट्यावरून उन्हात चालत, डोक्याला रुमाल बांधून. सगळी छावणी फिरले. दावणी बघितल्या, चाऱ्याचा ट्रक उतरताना बघितला, टँकरवरची भांडणं बघितली, संस्थेच्या सेक्रेटरीशी बोलले.

मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ही संस्था न्हाई तर काय हाय गं? माल येतो, वाटप होतं, माणसं भांडतात. आणखी काय लागतं? इथंच कर इंटर्नशिप."

डिपार्टमेंटच्या हेडना हे पसंत नव्हतं. शेणात कसली इंटर्नशिप, असं ते म्हणाले. सरांनी गाईड म्हणून स्वतःचं नाव दिलं आणि विषय मिटवला.

आता चूक सांगते.

प्रत्येक गावाची वेगळी दावण होती आणि पाण्यावरून रोज मारामारी. सरांनी काठीने मातीत आकृती काढून मला आणि सेक्रेटरीला समजावलं: डिपार्टमेंट करा. दुभत्या गायी एकीकडे, बैल एकीकडे, वासरं एकीकडे. ज्याची जशी गरज तसं पाणी, तसा चारा. पुस्तकातलं पाचवं प्रकरण जसंच्या तसं. कॉलेजचे सर सांगतायत म्हटल्यावर सेक्रेटरीने त्याच दिवशी जनावरं हलवली.

आमच्या त्या गावरान गायी. वासरू जवळ नाही तर पान्हा सोडत नाहीत. संध्याकाळी छावणीतलं दूध निम्म्यावर आलं आणि वासरांनी हंबरून सगळ्यांचं डोकं उठवलं.

आई मला म्हणाली, "कावून तोडली बाई वासरं? तुझ्या सराला घरी गाय न्हाई का?"

नव्हती. सर बीड शहरात, बसस्टँडमागे वाढलेले.

दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापली जनावरं सोडून परत जागेवर बांधली. मग मी साधं केलं. दावणी गावाप्रमाणेच ठेवल्या, फक्त पाण्याचा पहिला नंबर रोज वेगळ्या गावाला. भांडणं बरीच कमी झाली.

सर पुन्हा आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. खूप हसले. आणि मग दावणीदावणीने फिरून प्रत्येकाला सांगत सुटले की माझं चुकलं, पोरीला बोल लावू नका. माणसंच ओशाळली. असू द्या सर, असू द्या, म्हणत त्यांना चहा पाजत राहिली.

रिपोर्टमध्ये मी ही भानगड लिहिलीच नव्हती. सरांनी लिहायला लावली, एक पूर्ण प्रकरण. निर्णय कुणाचा, तेही नावासकट लिही म्हणाले. नाव घालायचा मला धीर झाला नाही. तेवढं मी गाळलं आणि रिपोर्ट तसाच जमा केला.

व्हायवाला परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. समोर हेड बसलेले, शेजारी सर.

"हा निर्णय कोणाचा होता?"

माझी डिग्री त्या टेबलावर होती. माझा निर्णय म्हणाले तर नापास, सरांचा म्हणाले तर हेडच्या हातात कोलीत.

सर म्हणाले, "सांग की. उत्तर येतंय तुला."

मी म्हणाले, "सानप सरांचा."

परीक्षकांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "खरं हाय. चुकलं माझं, निस्तरलं तिनं. तिला निस्तरल्याचे मार्क द्या."

मी पास झाले.

पुढच्या वर्षी सरांचे तास कमी केले. कारण कुणी सांगितलं नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, बरं झालं, दुपारची झोप मिळते.

लग्न मी केलं, पण डिग्रीवर नोकरी लागल्यावर, चार वर्षांनी, माझ्या मर्जीने. आज दूध संघात मॅनेजर आहे. मीटिंगमध्ये काही बिघडलं की सगळे एकमेकांकडे बघतात. माझं चुकलं असेल तर मी हात वर करून तसं सांगते.

सर, तुमच्या नावावर एक चूक सांगून मी पदवीधर झाले. तुम्ही ती सांगू दिली नसती तर मी कुठे असते, मला नीट माहीत आहे.

येते सर. शेवटचं भेटायला येते.