फाटकावरच्या अकरा वह्या

आमच्या घरात कागद टिकत नाही. माझी नणंद टिकूच देत नाही. वर्तमानपत्र दुपारी चारला रद्दीत, औषध संपलं की डॉक्टरची चिठ्ठी टोपलीत. माझ्या लग्नाची पत्रिका मी जिवापाड जपली होती, ती हिने कपाट आवरताना फाडून टाकली आणि वर मलाच विचारलं, तारीख पाठ आहे ना तुला, मग? तीन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. आणि ही बाई एकतीस वर्षं सरकारी कागद सांभाळायची नोकरी करत होती. आता काय बोलायचं?

आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. लग्न केलं नाही, पहिल्यापासून आमच्याकडेच राहते. अगदी नाकासमोर चालणारी. एकदा ऑफिसातली एक टाचणी तिच्या पदराला अडकून घरी आली, तर दुसऱ्या दिवशी ती आठवणीने परत नेऊन ठेवली. मी हसले तर म्हणाली, हसू नकोस, सरकारी आहे ती.

तिची खोली ऑफिसच्या तळघरात होती. लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, साल आणि वर्ग. अ वर्ग म्हणजे कायम ठेवायचं, ब तीस वर्षं, क पाच वर्षं, आणि ड म्हणजे एका वर्षात नष्ट. हा वर्ग ठरायचा चिठ्ठीवरच्या नावावरून. आत काय लिहिलंय ते कोण बघतो! मोठ्या माणसाची सही असली की कायम, आणि शिपायाच्या अक्षरातलं असलं की एका वर्षात साफ. ताईची मात्र एक सवय होती. नष्ट करायच्या यादीत घालण्याआधी ती प्रत्येक गठ्ठा सोडायची आणि आतला कागद तीन ठिकाणी वाचायची, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. त्यामुळे तिचं काम कायम मागे असायचं, वरिष्ठांची बोलणी खावी लागायची, आणि एका वर्षात जायचे ते कागद वर्षानुवर्षं तिथेच पडून राहायचे.

तिच्या निवृत्तीला सात महिने असताना हुकूम आला की तळघर रिकामं करा, साहेबलोकांच्या गाड्या ठेवायच्या आहेत. गाड्या! अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. तीन जणांची समिती बसली आणि दोन हजार चारशे गठ्ठे एकाच दुपारी निकालात काढले. ताई चिठ्ठी वाचायची, अध्यक्ष वर्ग सांगायचे, बाकीचे दोघे माना डोलवायचे. एकानेही एका गठ्ठ्याची गाठ सोडली नाही. चहा मात्र तीनदा झाला.

त्यात ताई नोकरीला लागली त्या सुमारास बंद पडलेल्या एका बालगृहाचे कागद होते. मान्यवरांच्या अभिप्रायाच्या अकरा वह्या, वर्ग अ. मुलं टापटीप आहेत, पाहून समाधान वाटलं, आणि खाली पानभर सही. त्यांच्याच शेजारी फाटकावरच्या अकरा वह्या, फाटकवाल्याने लिहिलेल्या, वर्ग ड. ताईने त्याही तीन ठिकाणी वाचल्या. कोण आलं, कोणत्या मुलाला भेटायला, किती वाजता, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. पानामागून पान एकच शेरा: परत पाठवले.

का परत पाठवले, तेही ऐका. भेट फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी. भेटीला अधीक्षकांचं पत्र लागायचं. पत्र मिळायचं कार्यालयात, आणि कार्यालय रविवारी बंद. सहा दिवस कामावर राबणाऱ्या बाईने ते पत्र आणायचं कधी? हा नियम ज्याने केला त्याचं नाव अ वर्गात कायम जपलेलं आहे बरं का.

ताईने टिपणी लिहिली की या अकरा वह्यांचा वर्ग बदलून अ करावा, मुलांच्या फाइली केव्हाच नष्ट झाल्या आहेत, आता मुलांच्या आया येत होत्या याचा पुरावा एवढाच उरलाय. साहेबांनी शेरा मारला, नियमानुसार कार्यवाही करावी. आणि ती टिपणीसुद्धा क वर्गातली, म्हणजे पाच वर्षांनी तीही जाणार. ताईने हे जेवताना सांगितलं आणि पानावरून उठून गेली.

नष्ट करायचे गठ्ठे न्यायला ट्रक गुरुवारी यायचा होता. सोमवारी एक बाई अर्ज घेऊन आली. पन्नाशी उलटलेली, कपडे शिवण्याचं दुकान चालवणारी. लहानपणी सहा वर्षं ती त्याच बालगृहात होती. तुझं कोणी नाही, असंच तिला तिथे सांगितलं होतं. आणि आता तिची आई सापडली होती, सरकारी इस्पितळात, शेवटच्या दुखण्यात. टेलरबाई एकदा जाऊन आली. मी दर महिन्याला येत होते गं, असं आई म्हणाली, आणि ही ताडकन उठून निघून आली. दर रविवारी खिडकीशी उभी राहिलेली तीच, तिला कोणी दिसलं नव्हतं.

"ती खरं बोलतेय की नाही, एवढंच मला सांगा," ती ताईला म्हणाली. "खोटं असेल तर मी पुन्हा तिचं तोंड बघणार नाही."

अर्जाला उत्तर द्यायची मुदत तीस दिवस. इस्पितळातले डॉक्टर आठवड्याच्या वर बोलायला तयार नव्हते. पण कागद नष्ट होईपर्यंत अर्जदाराला तो पाहता येतो, असाही एक नियम आहे आणि तो ताईला तोंडपाठ. बुधवारी सकाळी तिने टेलरबाईला तळघरात बोलावलं, अकरा वह्या पुढ्यात ठेवल्या आणि आपणही शेजारी बसली.

आईचं नाव दुसऱ्याच वहीत सापडलं. टेलरबाईने पिशवीतली टाचणी काढून त्या पानाला लावली. मग पुढच्या महिन्याच्या पानाला. जुन्या कागदाला टाचणी लावलेली ताईला मुळीच खपत नाही, पण त्या दिवशी तिनेच पुढचं पान काढून दिलं. एका शेऱ्यात फाटकवाल्याने लिहिलं होतं, लाल स्वेटर आणला, घेतला नाही.

"कितीच्या मापाचा होता ते नाही लिहिलं," टेलरबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

दुपारपर्यंत त्रेसष्ट टाचण्या झाल्या. टेलरबाई तशीच उठून इस्पितळात गेली. ताई वह्यांकडे बघत बसली. एका आईचं काम झालं होतं, पण त्या वह्यांत शेकडो आया होत्या, आणि उद्या त्यांचा लगदा होणार होता.

मग नाकासमोर चालणाऱ्या माझ्या नणंदेने काय करावं? दोन्ही गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. आकडा अकरा आणि अकरा, यादीला कुठे धक्का नाही. गुरुवारी ट्रकवाल्याने चिठ्ठ्या यादीशी ताडून पाहिल्या, समितीने सही ठोकली, आणि मान्यवरांचं सगळं समाधान लगद्याला गेलं. गाठ सोडून आत बघितलं असतं तर ताई जागच्या जागी पकडली गेली असती. पण बघायची सवय कोणाला होती?

मला हे कळलं तेव्हा मी टाळ्याच पिटल्या. ताई भडकली. कायम ठेवायचा कागद तिने स्वतःच्या हाताने घालवला होता, आणि तिच्या लेखी तो गुन्हाच होता. दोन दिवस ती नीट जेवली नाही. मी म्हटलं, अगं, माझी पत्रिका फाडताना कुठे गेला होता हा गुन्हा? तेव्हा कुठे जरा हसली.

रविवारी टेलरबाई घरी आली. आई शनिवारी गेली होती. बुधवारपासून ती आईच्या उशाशीच होती. पहिल्याच दिवशी तिने आईच्या कानाशी वाकून सांगितलं होतं, आई, मी मोजलं, तू त्रेसष्ट वेळा आली होतीस.

"तर आई म्हणाली, चौसष्ट," टेलरबाईने सांगितलं. "एकदा फाटकवाला जागेवर नव्हता."

सोमवारी ताई तळघरात गेली, कायमचे गठ्ठे अजून तिथेच होते. तो अ वर्गाचा गठ्ठा सोडला आणि वहीत एक चिठ्ठी घातली: या मुलीच्या आईची एक भेट नोंदवायची राहिली होती, एकूण भेटी चौसष्ट. खाली स्वतःची पूर्ण सही, हुद्दा आणि तारीख. चिठ्ठी लावायला टेलरबाईचीच एक टाचणी वापरली, सरकारी नाही. मी म्हटलं, अगं, सही कशाला केलीस, उद्या कोणी उघडलं तर सरळ तुझ्या दारात येतील. ती म्हणाली, येऊ देत, निदान वाचलेलं तरी असेल.

तिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. अजून कोणी आलेलं नाही.