पाताळ, व्हाया दौंड

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाबद्दल वाचायला बसलात म्हंजे तुमच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलंय, ते मला इथं बसून दिसतंय. खादीचा झब्बा, खांद्याला झोळी, आणि लांब कुठंतरी ढगात लागलेली नजर. पुसून टाका ते. आमचे कंट्रोलर मामा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट घालतात, खिशाला दोन पेनं आणि एक शिट्टी असते, आणि त्यांची नजर लागलेली असते फलाट नंबर तीनवर. पण एक सांगतो, पाताळाचा एवढा माहितगार माणूस अख्ख्या शिरूर तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. सातच्या सात पाताळांचे रस्ते, थांबे, घाट, कुठं चहा बरा मिळतो, सगळं तोंडपाठ. फक्त अजून जाऊन आलेले नाहीत, एवढंच.

मामा आमचे शेजारी. रक्ताचं नातं नाही, पण मधली भिंत एकच आहे, आणि आमच्या आळीत मामा म्हणायला तेवढं पुरतं. सगळी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत गेली, माईकवर गाड्या पुकारण्यात. रिटायर झाल्यावर माईक सुटला, पुकारणं काही सुटलं नाही. लग्नाच्या मांडवात वाढपी गोंधळले की मामा खुर्चीतून उठायचे आणि दोन्ही हात मागं बांधून जाहीर करायचे, "दुसऱ्या पंगतीच्या पाव्हण्यांनी डाव्या बाजूनं यायचं हाय. पयल्या पंगतीनं जागा खाली करावी." आणि पहिली पंगत खरंच मठ्ठा अर्धा टाकून उठायची. मला नकलांचा नाद लागला तो ह्या आवाजामुळं. शाळेत असताना एकदा मी स्टँडवर खांबामागं उभा राहून मामांच्या आवाजात पाबळची गाडी पुकारली. निम्मं स्टँड पिशव्या उचलून उठलं. ते सोडा, खिडकीत बसलेले मामासुद्धा कागद चाळून पाबळची गाडी शोधायला लागले.

त्याच उन्हाळ्यात मी मामीचाही आवाज काढला. भिंतीपलीकडनं नुसतं, "अवो, दूध उतू चाललंय," एवढंच म्हणालो. मामा अंघोळीतून टॉवेलवर धावत चुलीपाशी, आणि मामी धुण्याचा पिळा हातात घेऊन आमच्या दारात. तिनं मला पाच मिनिटं धुतला. "माझा आवाज चोरतूयास व्हय रं भाड्या," असं म्हणाली आणि जाताना हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवून गेली.

मामीचं माहेर दौंड. दर सणाला जोडी दौंडला निघायची, म्हंजे निघायचे मामा. गाडी फलाटाला लागायच्या आधीच ते खिडकीतून आपला चौकटीचा रुमाल टाकून मामीसाठी जागा धरायचे, कारण तिला खिडकी लागायची. आणि मामी घरी. विरजण लावायचं राहिलंय, कडी नीट बसत नाही, मांजराला पाणी ठेवलं नाही. सगळ्या डेपोच्या गाड्या वेळेवर सोडणाऱ्या माणसाची बायको आयुष्यात एका गाडीला वेळेवर आली नाही. रुमाल पुढं निघून जायचा, मामी मागून पोचायची. असा तो रुमाल कितीदा तरी एकटाच दौंडला जाऊन आलाय. संध्याकाळी कंडक्टर तो घडी घालून खिडकीत परत द्यायचा आणि मामांकडं न बघता हसायचा.

तीन वर्षांमागं मामी गेली. आठ दिवसांचं दुखणं, पुरतं कळलंसुद्धा नाही कुणाला. दहाव्याला घोडनदीच्या घाटावर पिंड मांडला, आणि कावळा शिवेना. झाडावर वीसेक कावळे बसलेले, पण एक खाली उतरायला तयार नाही. मग लोकांनी रीतीप्रमाणं बोलायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, आई, अण्णांच्या जेवणाची काळजी करू नकोस. जावई म्हणाला, तुमचं मांजर आम्ही सांभाळू. दौंडहून आलेला भाऊ म्हणाला, माहेरची साडी दरसाल मुलीला पोचेल. कावळे ढिम्म. ऊन चढलं तसे मामा पुढं झाले, हात मागं बांधले आणि अगदी माईकवर बोलावं तसं म्हणाले, "मी येतो तुला न्यायला." झपकन एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

लोक सुटलो म्हणत घरी गेले. मामा अडकले. कावळ्यासमोर दिलेला शब्द म्हंजे काही साधा शब्द नव्हे. पण न्यायला जायचं कसं? जायला एकच वाट, आणि तिकडनं परतीची गाडी नाही. महिनाभर विचार केला आणि मामांनी कादंबरी लिहायला घेतली.

ती लिहितात लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर, कारण तसला जाड कागद विकत मिळत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं महातलातलं घनघोर युद्ध वाचता वाचता पान उलटलं की मधेच 'आमचे येथे श्रीकृपेकरून' लागतं. लिहायची जागाही ठरलेली. घरात शांतता असते, शांततेत त्यांना सुचत नाही. म्हणून रोज दुपारी स्टँडवर, फलाट तीनसमोरचा बाक. शेजारी तो चौकटीचा रुमाल पसरलेला. स्टँडवर पाय ठेवायला जागा नसली तरी त्या रुमालावर कुणी बसत नाही. नवखा माणूस बसायला गेलाच, तर उसाचा रसवाला लांबूनच हात करून त्याला उठवतो.

कथा म्हणाल तर सरळ आहे. नायकाची बायको पाताळात नेली जाते आणि तो तिला आणायला निघतो. नायकाला नाव नाही, मामा त्याला 'आपला माणूस' म्हणतात. आपला माणूस शिरूरहून गाडी घेऊन निघतो आणि दौंडवरनं खाली उतरतो. दौंडवरनंच का, असं मी विचारलं तर म्हणाले, "जंक्शन हाय ते. तिथनं माणूस कुठंबी जाऊ शकतो." अतल, वितल, सुतल हे विनंती थांबे. तलातलला चहापाण्याला दहा मिनिटं. रसातलाच्या वाटेवर हजार फण्यांचा नाग आडवा पसरलेला. मला वाटलं आता तलवार निघणार. आपल्या माणसानं हॉर्न वाजवला आणि नाग बाजूला झाला. मी हसलो तर मामा चिडले. म्हणाले, "रस्त्यात बसलेलं जनावर हॉर्नलाच उठतं. मग ते गोठ्याचं असूं दे न्हाईतर पाताळाचं. आन् तलवार गाडीत चालत न्हाई."

असं करत आपला माणूस पाताळाच्या राजापुढं पोचला. राजा म्हणाला, घेऊन जा, माझी ना नाही. पण तिला विचार. ती आपल्या तोंडानं येते म्हणाली पाहिजे. आपल्या माणसानं विचारलं, येतीस का? आणि कादंबरी तिथंच बंद पडली. सहा महिने एक ओळ पुढं नाही. मामा रोज बाकावर यायचे, पेनाचं टोपण काढायचे, संध्याकाळी परत लावायचे. जेवण कमी झालं. गाड्या पुकारणंही थांबलं, तेव्हा मात्र आमच्या आळीला घोर लागला.

गेल्या महिन्यात कंपनीतून पहिल्या पाळीहून येताना मामांनी मला स्टँडवर हाक मारली. बस म्हणाले, मी बसलो. पत्रिका चाळता चाळता हळूच बोलले.

"तिचा आवाज गेला रं. त्वांड हाय, फोटोत हाय. पर डोळं मिटलं की नुसतं व्हट हलत्यात. आवाजच येत न्हाई."

मामी फोनवर कधी बोलायचीच नाही, फोन हातात दिला की मामांकडं परत द्यायची. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती तोंडभर बोलताना दिसते, पण वरून नुसता बँड. मामांनी तो तुकडा किती वेळा लावला असेल, देव जाणे.

"तुझ्याकडं असंल तो," मामा म्हणाले. "लहानपनी चोरला हुतास. मी इचारतो, तू तिच्या आवाजात सांग. मी लिहून घेतो. एकदा ती यती म्हणाली का मी शब्दातनं सुटलो."

मी आजवर तलाठ्याची नक्कल केलीय, आमच्या सुपरवायझरची केलीय, खुद्द हेडमास्तरांपुढं हेडमास्तरांची केलीय. गेलेल्या माणसाची कधी केली नव्हती. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला हवं ते देऊन टाकू. पुस्तक संपेल, चार घास जेवेल. मामांनी पेन सरसावलं आणि समोरच्या रिकाम्या फलाटाकडं बघत विचारलं, "येतीस का?"

मी मामीच्या आवाजात, तो थोडा नाकातला आणि शेवटाला वर जाणारा सूर लावून म्हणालो, "येते की. चला."

आवाज जमला होता, खोटं कशाला सांगू. पलीकडची मेथीवाली वळून बघायला लागली. मला वाटलं, आता मामांच्या डोळ्यांत पाणी येणार. मामांनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी चालती गाडी खड्ड्यात घातली.

"गाढवा," ते म्हणाले. "तीस वर्सं मी तिला चल म्हणत हुतो. एका हाकंत कवा आली का ती? येते की म्हणं. आरं, ती पयलं इचारंल. कडी लावली का? दूध झाकलं का? आन् ही कॉलर बघा, कुणी धुतलाय ह्यो शर्ट? एवढ्या लांब उपाशीपोटी आलाव व्हय? आन् मला न्यायला कशापायी यायचं, मी काय ल्हान हाय? तुमी व्हा फुडं. मी येते मागच्या गाडीनं."

कुठल्या शब्दापाशी ते मला कळलं नाही, पण मामांचा आवाज मधेच कुठंतरी नाकात गेला होता आणि शेवटाला वर जात होता. इतकी वर्षं नकला करतोय, असा मला कधीच लागला नाही. मेथीवालीनं पदर डोक्यावर घेतला. मामांनाही ते ऐकू आलं असावं, कारण ते आपलंच वाक्य कुणी दुसऱ्यानं उच्चारल्यासारखं कान देऊन बसले. मग घाईघाईनं टोपण काढलं आणि पत्रिकेच्या पाठीवर ते सगळं उतरवलं, कडीपासून मागच्या गाडीपर्यंत. खाली रेघ मारली. तेवढ्यात दौंडची गाडी फलाटाला लागली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा मामा बसल्या जागेवरून पुकारले, "शिरूर दौंड, फलाट नंबर तीन."

मी म्हटलं, मामा, मग झाली ना कादंबरी? तर माझ्यावर परत डाफरले.

"झाली कुठं? ऊठ आधी. मगाधरनं तिच्या रुमालावर बसलाईस तू. जरा तरी कळतंय का? मागची गाडी यायची हाय अजून."