पहिल्या हाकेला

माझा धाकटा भाऊ आठवडाभर ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शनिवार-रविवार भुतं बनवतो. त्याच्या सिनेमात कॉम्प्युटरवर केलेलं भूत मात्र चालत नाही. लहानपणी भाड्याच्या कॅसेटवर आम्ही जे पाहिलं, तेच सगळं त्याला हवं: करकरणारं दार, आपोआप हलणारी खुर्ची, भिंतीवर हिरवा नाहीतर लाल उजेड, आणि भरपूर धूर. ही खोड त्याला आईकडून आली. आई बोटांच्या फटीतून भूत बघायची, किंचाळायची, आणि कॅसेट परत करण्याआधी तोच भाग पुन्हा लावायला सांगायची. बाबांना या सगळ्याचा तिटकारा.

आई गेली, वर्ष उलटलं, आणि भावाने गोष्ट लिहायला घेतली. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, वायरी गुंडाळणाराही तोच. गोष्ट साधी होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला त्याची मेलेली बायको दाराबाहेरून हाक मारते. आईच्या माहेरी सांगायचे, काळोखात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ओ दिली की माणूस गेला. सिनेमातला म्हातारा घाबरून गप्प बसतो आणि म्हणून वाचतो.

म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या नटाला ऐनवेळी मालिका मिळाली आणि त्याने फोन उचलणं बंद केलं. भाऊ बाबांना म्हणाला, "तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचंय." बाबा बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, म्हणजे त्या कामाचा अनुभव दांडगा. मी हे बोलूनही दाखवलं. कुणी हसलं नाही. आई गेल्यापासून घरात हसवायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि ते मला अजिबात जमत नव्हतं. बाबा मात्र लगेच हो म्हणाले, याचंच मला नवल वाटलं.

भुताचा आवाज माझा. मी फोनवर बोलायला लागले की मावशी अजून क्षणभर गप्प होते, इतका तो आईसारखा आहे. मला म्हणायचं होतं फक्त "अहो". मला कसंतरीच झालं. बापाला कोण अहो म्हणतं? पण आईने त्यांना दुसरी हाक कधी मारली नाही, चारचौघांत नाही की भांडतानाही नाही. ती गेली आणि त्या सुरात त्यांना हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही.

रात्री शूटिंगला सोसायटीची परवानगी नव्हती, म्हणून भर दुपारी खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही रात्र केली. आवाज नको म्हणून पंखे बंद. धुपाटण्यातला धूर जिन्यापर्यंत गेला, तेव्हा समोरच्या काकू पूजा आहे समजून हात जोडत आत आल्या आणि हिरव्या उजेडात बसलेल्या बाबांना बघून तशाच मागे फिरल्या. आम्ही पोट धरून हसलो. बाबासुद्धा जरासे हसले.

मग मी बाहेर जाऊन उभी राहिले. दार लोटलेलं होतं. आत भाऊ "ॲक्शन" म्हणाला. मी हाक मारली, "अहो..."

"आलो," बाबा म्हणाले.

"कट! बाबा, ओ द्यायची नाही. गप्प बसायचं."

"हो रे. चुकलं."

पुन्हा हाक मारली. पुन्हा "आलो, आलो," आणि खुर्ची करकरली; ते उठलेसुद्धा. असं कितीतरी वेळा झालं. कधी तोंडातून शब्द निघाला नाही, तर हात टेकून अर्धे उभे. कॅमेऱ्यावरचा मित्र घामाने निथळत होता. भावाचं वर्षभराचं काम या एका शॉटवर अडलं होतं. म्हातारा गप्प राहिला नाही तर त्याची गोष्टच उरत नव्हती. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आई हाक मारायची तेव्हा पेपरमागे कसे बसायचात? तसे बसा ना!"

ते खोटं नव्हतं. आईच्या पहिल्या हाकेला बाबांनी ओ दिल्याचं मला आठवत नाही. ती स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची आणि शेवटी हात पुसत स्वतःच बाहेर यायची.

मी दार ढकलून डोकावले.

"म्हणूनच तर जमत नाही रे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी पण तिने हाक मारली होती. आतल्या खोलीतून. मला वाटलं, नेहमीचंच असेल काहीतरी. म्हटलं, एवढं वाचून होऊ दे. दुसरी हाक आलीच नाही."

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. हृदयाचा झटका मोठा होता, काहीच करता आलं नसतं, असं डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. भावाने तेच पुन्हा सांगितलं.

"मी किती वेळ बसून होतो, ते डॉक्टरांना कुठे माहीत आहे?" बाबा म्हणाले.

मला रडू आवरेना. बंद करा हे सगळं, आवरा, असं मी म्हटलं. बाबांनी ऐकलं नाही. ते भावाला म्हणाले, "तुझ्या गोष्टीत बसणार नाही. पण एकदा मला जाऊ दे."

भावाने कॅमेरा लावला. मी पुन्हा बाहेर गेले आणि हाक मारली. आतून "आलो गं" ऐकू आलं. पावलं वाजली, दार उघडलं. बाबा उंबऱ्यात उभे होते. बापाचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ओशाळलेला होता, आणि तरीही आनंदाने भरलेला.

"उशीर झाला गं मला," ते म्हणाले.

सिनेमा तिथेच संपतो. एका छोट्या हॉलमध्ये आम्ही तो दाखवला, तेव्हा लोकांनी विचारलं, मग ती त्याला काय म्हणते? भाऊ म्हणाला, ते तुम्हीच ठरवा.

पुढचा तुकडा त्याने कापून ठेवला आहे. आम्ही दोघांनी तो पुन्हा पाहिलेला नाही. त्यात मी आहे. आईच्या आवाजात "असू दे" एवढंच म्हणायचं होतं. मला सुचलंही होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोर माझे वडील रडत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "बाबा."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तू होय," म्हणाले, आणि मला आत येता यावं म्हणून बाजूला झाले.