राहून गेलेलं स्पॅनिश

जनेल कुचेरानं चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा तिच्या नवऱ्याला, लोरेनला, फारसं नवल वाटलं नाही. नेब्रास्कातल्या त्या गावात ती शाळेची पिवळी बस चालवायची. धाकटा मुलगा सैन्यात गेला, घर रिकामं झालं, आणि शिक्षिका व्हायचं जुनं वेड पुन्हा डोकं वर काढू लागलं. सकाळची फेरी आटोपली की ती कॉलेजला जायची आणि शाळा सुटायच्या आत परत येऊन बसमध्ये बसायची.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तिला बोलावून घेतलं. प्रवेश झालाय, पण हायस्कूलचं एक राहिलंय, असं त्या म्हणाल्या. परकी भाषा दोन वर्षं व्हायला हवी होती, जनेलची एकच झाली होती. ते राहिलेलं वर्ष भरून काढल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती.

जनेलला ते सगळं लख्ख आठवत होतं. स्पॅनिशचे मास्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ओमाहाला गेले ते परत आलेच नाहीत. गावाला दुसरा मास्तर मिळेना, मग मुख्याध्यापकांनी मुलांना सुतारकामाला धाडलं आणि मुलींना शिवणाला. स्पॅनिशऐवजी जनेल एक एप्रन शिवून घरी आली होती.

"शाळेनं शिकवलंच नाही, ते माझ्या नावावर कसं?" तिनं विचारलं.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण शाळा आता नियमाच्या हाती लागत नाही. तुम्ही लागता."

पूर्वी शिकलेलं एक वर्ष डोक्यातून कधीच पुसलं गेलं होतं, म्हणून तिला पार पहिल्या धड्यापासून बसावं लागलं. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. शिकवणारा इबारा टेक्सासमधल्या एल पासोचा, तिच्या थोरल्या मुलीहूनही लहान. लिहिण्यात जनेल वर्गात पुढे होती, पण बोलायची वेळ आली की शब्द बाहेर पडत नसत. तोंडी परीक्षेत इबारानं काल काय केलं एवढंच विचारलं. उत्तर तिच्या डोक्यात तयार होतं, तरी ती टेबलाकडे बघत बसून राहिली. नापास झाली.

"एप्रन दाखवायचास," लोरेन म्हणाला. जनेल हसली नाही.

पुढच्या सत्रात ती पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसली. इबारानं तिला थांबवून घेतलं. तुमच्या बसमधली निम्मी पोरं घरी स्पॅनिश बोलतात, त्यांच्याशी बोलून बघा, असं त्यानं सुचवलं. गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात ग्वाटेमाला आणि मेक्सिकोहून आलेली माणसं होती, त्यांचीच ही पोरं.

"बसमध्ये मी बोलत नाही," जनेल म्हणाली. "बस चालवते."

ते खरंच होतं. पोरांशी तिचं बोलणं म्हणजे 'बसा' आणि 'उतरा'. पण शब्द आता कानात शिरू लागले होते. मागच्या बाकांवरून वर्षानुवर्षं एक शब्द ऐकू यायचा, 'कान्दादो'. पोरं कँडी मागताहेत असं समजून दर नाताळात ती सगळ्यांना मूठमूठ कँडी वाटायची. त्या शब्दाचा अर्थ कुलूप, हे तिला वर्गात कळलं. तोंड न उघडणाऱ्या बाईला पोरांनी ते नाव ठेवलं होतं. तिला राग यायला हवा होता. आला नाही. नाव चपखल होतं, हेच जास्त लागलं.

जानेवारीतल्या एका सकाळी मार्लेनी नावाची मुलगी कुडकुडत चढली. थंडी वाजते का, हे जनेलनं स्पॅनिशमध्ये विचारलं. निदान तिला तसं वाटलं.

"तुम्ही विचारलंत, मी थंडगार पडले का," मार्लेनी म्हणाली. "अजून नाही पडले, मॅडम."

सगळी बस खदाखदा हसली. जनेलच्या कानशिलांपर्यंत लाली चढली, पण दार लावता लावता तीही हसत होती.

ही गोष्ट मार्लेनीनं घरी सांगितली असावी. तिची आई तोमासा रोज थांब्यावर जरा दूर, शालीत गुरफटून उभी असायची. दुसऱ्या दिवशी ती बसच्या दारापाशी आली आणि तिनं सकाळचा नमस्कार केला. जनेलनं अडखळत उत्तर दिलं आणि माफी मागितली, मला नीट येत नाही म्हणून.

तोमासा सावकाश, एकेक शब्द वेचून बोलली. "मलाही नाही येत. ग्वाटेमालात, आमच्या डोंगरात आम्ही आमची किचे भाषा बोलतो. स्पॅनिश मी इथं, कारखान्यात शिकले. मेक्सिकोच्या बाया हसायच्या मला."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मीही हसायचे. पण बोलायचं सोडलं नाही."

जी भाषा या बाईची जन्माची असणार असं जनेल धरून चालली होती, तीही तिला परक्या दारातच भेटली होती. दोघींच्या बोलण्याला खाचखळगे होते, म्हणून दोघींचा वेगही जुळला. त्यानंतर रविवारी तोमासा जनेलच्या स्वयंपाकघरात येऊ लागली. कधी केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाल आणायची. जनेल चेक पद्धतीचे, खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, करायची. बोलणं मुलांचं, गुडघ्यांचं, आणि तोमासाच्या आईचं, जिला ती कित्येक वर्षांत भेटली नव्हती. शब्द अडला की दोघी तो हातवाऱ्यांनी शोधायच्या. सापडला नाही तर तसाच सोडून द्यायच्या.

तोंडी परीक्षेत इबारानं पुन्हा कालचंच विचारलं. काल तोमासा घरी आली होती, असं म्हणत जनेलनं तिच्या आईची हकिगत सांगायला घेतली. चुका भरपूर झाल्या, पण ती थांबली नाही. वेळ संपली तरी इबारानं तिला अडवलं नाही.

ती पास झाली आणि हायस्कूलची ती बाकी फिटली. पुढं पदवीही झाली, आणि आता ती गावच्याच शाळेत दुसरीला शिकवते. तोमासा मात्र त्याआधीच नवऱ्याच्या कामापायी आयोवाला गेली. पालकसभेत पोरांच्या आया भराभर स्पॅनिश बोलतात, जनेलला धाप लागते. जरा सावकाश, असं ती हात जोडून सांगते. त्या थांबतात, हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.